अप्पांचं खरं आणि माईंचं बरं

प्रत्येक सोसायटीत एक अप्पा असतात. कुठे त्यांना नाना म्हणतात, कुठे भाऊ, पण माणूस तोच. सरकारी नोकरीतून निवृत्त, शक्यतो हिशेब तपासणीच्या खात्यातून. सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. निळं सहीसाठी आणि लाल नोटीस बोर्डावर इतरांनी लावलेल्या नोटिशींमधले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करण्यासाठी. आमचे अप्पा डोंबिवलीचे, तळमजल्यावरचे. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ते दुधाला बाहेर पडले की वॉचमन घड्याळाकडे न बघता पाण्याचा पंप सुरू करतो. एकदा अप्पा तापाने पडून होते, तेव्हा वरची टाकी भरलीच नाही आणि तीन मजले बिनआंघोळीचे कामावर गेले.

इमॅन्युएल कांट (१७२४–१८०४) या जर्मन तत्त्वज्ञाबद्दल हीच गोष्ट सांगतात. तो फिरायला बाहेर पडला की क्योनिग्सबर्गचे लोक म्हणे आपापली घड्याळं लावून घेत. अप्पांनी कांट वाचलेला नाही. त्यांना वाचायची गरजही नाही. कांटचं म्हणणं थोडक्यात असं की एखाद्या कृत्याचं मोल त्यातून काय निघालं यावर ठरत नाही, ते कर्तव्य म्हणून केलं की नाही यावर ठरतं. आणि आपण ज्या नियमाने वागतो तो सगळ्या जगाचा नियम झाला तर चालेल का, हे माणसाने आधी तपासावं. अप्पा हाच विचार पाच शब्दांत मांडतात, "आणि सगळ्यांनी असंच केलं तर?"

हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला नाही? जिन्यात चपलांचं कपाट ठेवणाऱ्याला विचारला, लिफ्टचं दार उघडं धरून वरच्या मजल्यावर गप्पा मारणाऱ्याला विचारला, भाजीवाल्याकडून वर मूठभर कोथिंबीर फुकट मागणाऱ्या बायकांनाही विचारला. भाजीवाल्याला हे इतकं आवडलं की तो अप्पांना आपणहून कोथिंबीर फुकट द्यायला लागला. अप्पा दर वेळी पाच रुपये काढून देतात आणि दर वेळी भांडण होतं.

तर अप्पा खोटं बोलत नाहीत. हे वाक्य ऐकायला फार छान वाटतं. अशा माणसाच्या शेजारी राहून बघा. बारशाला सगळे म्हणतात, मुलगा अगदी बाबांवर गेलाय. अप्पा पाळण्यात वाकून नीट बघतात आणि म्हणतात, "इतक्यात काही सांगता येत नाही." पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ मुलाला घेऊन स्टेशनच्या पुलावरून चालले होते. टीसीने वय विचारलं. गृहस्थ म्हणाले, साडेचार. पाच पूर्ण झाली की अर्धं तिकीट लागतं. मागून अप्पा येत होते. ते कौतुकाने म्हणाले, "अहो, परवाच पाच झाली की! मेणबत्त्या मीच मोजल्या." दंड भरून झाल्यावर अप्पांनी त्या गृहस्थांना आपुलकीने विचारलं, "पावती घेतलीत ना?"

स्थळांच्या चौकशीचे फोन हे तर अप्पांचं खास क्षेत्र. मुलीच्या वडिलांनी एकदा चौथ्या मजल्यावरच्या मुलाची चौकशी केली. अप्पा म्हणाले, "सांगतील त्यापेक्षा पगार जरा कमी आहे. शनिवारी घेतो. आईचं ऐकतो, जरा जास्तच ऐकतो." त्यांच्या पत्नीने, म्हणजे माईंनी, हातातला झारा टाकून फोन ओढून घेतला. "अहो, यांना नीट ऐकू येत नाही, हे दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाबद्दल बोलतायत. चौथ्या मजल्यावरचा सोन्यासारखा आहे." दुसऱ्या मजल्यावरही लग्नाचा मुलगा आहे, हे फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

पण मुलीचा बाप पोचलेला होता. त्याने हिशेब केला की जो माणूस एवढं सांगतो त्याने आणखी काही असतं तर तेही सांगितलं असतं. लग्न जमलं. मांडवात मुलाचे वडील अप्पांचा हात हातात घेऊन म्हणाले, "अप्पा, तुमच्या खरं बोलण्याचा फार उपयोग झाला." अप्पांचा चेहरा पडला. "उपयोग व्हावा म्हणून बोललो नव्हतो," ते म्हणाले आणि जिलबी न घेता उठले. १७८५ सालच्या एका पुस्तकात कांटने दुकानदाराचं उदाहरण दिलंय. गिऱ्हाईक टिकावं म्हणून जो वाणी पोराटोरांनाही योग्य भावात माल देतो, तो वागतो बरोबर, पण त्यात नैतिक मोठेपण काही नाही. त्या वाण्यात आपली गणना झाली, हे अप्पांना जिलबीपेक्षा जड गेलं.

आता माई. माई खोटं बोलतात, आणि इतकं सहज बोलतात की ऐकणाऱ्याला ते खऱ्यापेक्षा खरं वाटतं. मात्र स्वतःसाठी एक शब्द खोटा नाही. जे काही खोटं, ते लोकांच्या भल्यासाठी. तिसऱ्या मजल्यावरच्या सासूबाईंना त्या सांगतात, "काल तुमची सून तासभर तुमच्याबद्दलच बोलत होती." हे खरंच असतं. काय बोलत होती, तेवढं त्या गाळतात. दोन भांडलेल्या घरांमध्ये त्या पलीकडच्याने माफी मागितल्याचा निरोप दोन्हीकडे पोचवतात. दोन्ही घरं मोठेपणाने क्षमा करतात.

इंग्लंडच्या जेरेमी बेंथमने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुख मोजायच्या सात कसोट्या दिल्यात. सुख किती तीव्र, किती वेळ टिकणारं, किती खात्रीचं, किती जवळचं, त्यातून पुढे आणखी सुख निपजेल का, त्यात दुःखाची भेसळ किती आणि ते किती जणांपर्यंत पोचेल. हे सगळं मांडून बेरीज-वजाबाकी करायची आणि ज्यात पुष्कळांचं पुष्कळ सुख निघेल ते करायचं. मधुमेहाचे आजोबा शिऱ्याच्या वाटीकडे बघत असतात तेव्हा माई हे गणित एका नजरेत सोडवतात. तीव्रता भरपूर, काळ थोडा, खात्री पूर्ण, डॉक्टर लांब. अर्धा चमचा शिरा आजोबांना मिळतो आणि त्यांच्या सुनेला कळत नाही.

मेल्यावरही आपला उपयोग व्हावा म्हणून बेंथमने आपला देह विच्छेदनासाठी द्यायला सांगितलं होतं. त्याचा पोशाख घातलेला सांगाडा, मेणाचं डोकं लावलेला, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये आजही बसवलेला आहे. माईंनीही देहदानाचा अर्ज भरलाय. तो अप्पांनी तपासला आणि एका साक्षीदाराची सही राहिलीय म्हणून परत दिला.

कांट आणि बेंथम दोघेही आजन्म अविवाहित राहिले. त्यामुळे आमटी कशी झालीय, या प्रश्नापुढे दोघांचंही तत्त्वज्ञान तपासलं गेलं नाही. आमच्या इमारतीत मात्र कांटचं बेंथमशी लग्न झालंय आणि संसार चाळीस वर्षं टिकलाय.

या दोघांची जाहीर गाठ पडली ती कचऱ्याच्या डब्यांवरून. सोसायटीत चाळीस बिऱ्हाडं. ओल्या-सुक्या कचऱ्याचे मोठे डबे कुठे ठेवायचे, हा वार्षिक सभेपुढचा विषय. फाटकाशी नको, पाहुण्यांना दिसतात. पार्किंगमध्ये नको, गाड्या आहेत. शेवटी कोणीतरी मागच्या कोपऱ्याची जागा सुचवली, तळमजल्यावरच्या एका एकट्या राहणाऱ्या आजींच्या खिडकीखाली. आजी सभेला आल्या नव्हत्या. एकोणचाळीस जणांची सोय, एकाची गैरसोय. माईंनी मनातल्या मनात बेरीज केली आणि हात वर केला. सगळेच हात वर गेले. एक सोडून.

सेक्रेटरी म्हणाले, "अप्पा, एकोणचाळीस लोकांचा प्रश्न आहे."

"एकोणचाळीस हा आकडा आहे," अप्पा म्हणाले, "कारण नव्हे. आणि मला वगळून अडतीस."

मग त्यांनी लाल पेन काढून ठराव दुरुस्त केला. डबे दर महिन्याला एकेका सभासदाच्या खिडकीखाली किंवा गाडीच्या जागेत ठेवावेत, सुरुवात अध्यक्षांपासून. वाणिज्य शाखेच्या माणसाने कांटचा नियम इतका नेटका मांडलेला मी दुसरा पाहिला नाही. जे आजींच्या नाकाला चालतं ते सगळ्यांच्या नाकाला चाललं पाहिजे. सभेत एकदम शांतता पसरली. दहा मिनिटांत फाटकापाशी डब्यांना जागा सापडली आणि पाहुण्यांचं काय, हे कोणी विचारलं नाही. घरी जाताना माई म्हणाल्या, "मला आजी दिसल्याच नाहीत हो हिशेबात." बेरजेचा हा जुनाच दोष आहे. सुख सगळ्यांचं मिळून एकच मोजलं की ज्याच्या वाट्याला फक्त वास येतो तो एकूण रकमेत दिसत नाही.

अप्पांचा भाचा तत्त्वज्ञानात एमए करतोय. गेल्या दिवाळीत त्याने फराळाच्या ताटावर ट्रॉलीचा प्रश्न काढला. १९६७ साली फिलिपा फूट या ब्रिटिश विदुषीने मांडलेला, पुढे ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन या अमेरिकन बाईंनी वाढवलेला. ब्रेक निकामी झालेली गाडी धावत येतेय. पुढे रुळावर पाच माणसं आहेत. खटका ओढला तर ती बाजूच्या रुळावर जाईल, पण तिथे एक माणूस आहे. अप्पामामा, तुम्ही खटका ओढाल?

"मी रुळाशेजारी काय करत होतो?" अप्पांनी विचारलं. "रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा १९८९च्या अधिनियमाच्या कलम १४७ प्रमाणे गुन्हा आहे. आणि खटका ओढायचं काम रेल्वेच्या माणसाचं. तो कुठे होता?"

"मामा, समजा तुम्हीच तो माणूस."

"मग मला आदेश काय होता?"

भाचा मामीकडे वळला. माई चकल्या मोडत म्हणाल्या, "ओढेन की. पाच घरं वाचतात. पण आधी त्या एकाला हाक मारेन. तुमच्या त्या बाईंच्या गावात ओरडायची बंदी आहे का?" भाच्याने मग थॉमसनबाईंचा पूल आणला. खटका नाही. पुलावर तुमच्या शेजारी एक लठ्ठ माणूस उभा आहे. त्याला खाली ढकललं तर गाडी थांबेल आणि पाच वाचतील. हिशेब तोच, पाचास एक. माईंच्या हातातली चकली खाली आली. "छे छे! त्याच्या बायकोला काय तोंड दाखवू?"

"पण मामी, आकडे तेच आहेत."

"असू देत. माणूस का ढकलायचा असतो?"

अप्पांनी त्या दिवशी प्रथमच बायकोकडे आदराने पाहिलं. माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरायचं नसतं, हे कांटचं वाक्य माईंनी असं फराळावर सिद्ध केलं. भाचा मात्र नाराज झाला. त्याला प्रबंधासाठी बेंथमच्या पंथाची शुद्ध उपयुक्ततावादी हवी होती.

खरी परीक्षा पुढे झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका पोराने मोटरसायकलसाठी कर्ज काढलं होतं. नोकरी गेली, हप्ते थकले. एका संध्याकाळी वसुलीची दोन माणसं आली. दोघांचे दंड आमच्या जिन्याच्या कठड्याएवढे. पोरगा तेव्हा माईंच्या स्वयंपाकघरात थालीपीठ खात होता. वर दार बंद दिसलं, कोणीतरी सांगितलं तळमजल्यावर विचारा, आणि अप्पांनी दार उघडलं.

"तो इथे आहे का?"

आतमध्ये माईंनी डोळे मिटले. थालीपिठाचा घास पोराच्या घशात अडकला. अप्पांनी चष्मा लावला, दोघांची ओळखपत्रं मागून घेतली, दोन्ही बाजूंनी वाचली. मग विचारलं, "किती वाजले?"

"सात दहा."

"रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या परिपत्रकाप्रमाणे वसुलीसाठी संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी आठच्या आधी कर्जदाराला फोनसुद्धा करता येत नाही. तुम्ही दारात उभे आहात. उद्या आठला या. विचाराल त्याचं खरं उत्तर देईन."

माणसं गेली. पोरगा अप्पांच्या पाया पडायला आला. "उठ," अप्पा म्हणाले, "मी तुला वाचवलं नाही. सात वाजून गेले होते. आणि घेतलेलं कर्ज फेडावं लागतं. फेडायचंच नाही म्हणून सगळेच कर्ज घ्यायला लागले तर उद्या कोणी कोणाला दहा रुपये देणार नाही." मग ते जेवून, दात घासून, दहाला झोपले. सकाळी आठला काय सांगायचं याची त्यांना काहीच चिंता नव्हती, कारण त्यांच्याकडे सांगायला एकच गोष्ट होती.

माई झोपल्या नाहीत. पहाटे चारला त्यांनी पोराला उठवलं, डब्यात उरलेली थालीपिठं घातली आणि मोरीकडच्या दाराने बाहेर काढून आत्याकडे कर्जतला धाडलं. अप्पांना यातलं काही सांगितलं नाही. अप्पांना काय सांगायचं नाही, यावर माईंचं सगळं नीतिशास्त्र उभं आहे. बरोबर आठला बेल वाजली. अप्पा म्हणाले, "काल रात्री इथेच होता." आत जाऊन बघून आले. "आता नाही. कुठे गेला, मला माहीत नाही." फाटकापाशी वॉचमनने त्या दोघांना आधीच सांगून ठेवलं होतं की अप्पांनी नाही म्हटलं म्हणजे नाही. त्यांनी घर बघायचाही आग्रह धरला नाही.

हा प्रसंग कांटने १७९७ साली लिहून ठेवलाय. बेंजामिन कॉन्स्टंट या फ्रेंच लेखकाने त्याला गाठलं होतं. मारेकरी दारात आहे, मित्र घरात लपलाय, तरीही खरंच बोलायचं? कांटने उत्तर दिलं, हो. आणि पुढे असंही म्हणाला की तुम्ही खरं सांगाल तोवर मित्र कदाचित गुपचूप निसटलेलाही असेल. लोक दोनशे वर्षं या कदाचितला हसताहेत. कांटच्या घरात माई नव्हत्या, एवढंच त्याचं चुकलं. मित्र आपणहून निसटत नसतो. मागचं दार कोणीतरी उघडून द्यावं लागतं.

माणसं गेल्यावर अप्पांनी चहा घेताना विचारलं, "तो कुठे गेला, तुला माहीत होतं?"

"चहा गार होतोय," माई म्हणाल्या.

अप्पांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्यांच्या चाळीस वर्षांच्या संसारात इतका मोठा अपवाद दुसरा झाला नसेल.

वाद मात्र झाला, पण तो पुराणातल्या माणसांवर ढकलून. महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिक ब्राह्मणाची गोष्ट सांगतो. सत्य बोलायचं व्रत घेतलेल्या या कौशिकाने दरोडेखोरांना, लोक कोणत्या झाडीत लपलेत, हे खरं खरं सांगितलं. लोक मारले गेले आणि कौशिक नरकात गेला. माईंनी ही गोष्ट कीर्तनात ऐकलेली, ती त्यांनी पोळ्या लाटता लाटता पुन्हा ऐकवली. अप्पा उठले, आजोबांची सही असलेलं गीतारहस्य काढलं. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं, १९१५ साली निघालेलं. त्यात टिळकांनी बेंथम आणि त्याच्याच पंथातला मिल यांची सुखाची बेरीज तपासून अपुरी ठरवलीय आणि करणाऱ्याची बुद्धी बघा म्हटलंय. "आणि तुझ्या कौशिकाने बोलायलाच नको होतं," अप्पा म्हणाले. "गप्प बसायला त्याला कोणी मनाई केली होती?"

"तुम्हाला कधी जमलंय?" माईंनी विचारलं. त्या दिवशी जमलं.

पोराचं पुढे बरं झालं. अप्पाच त्याला घेऊन बँकेत गेले, निळ्या पेनाने अर्ज लिहिला, हप्ते लहान करून घेतले. पोरगा आता वेळेवर भरतो आणि पावती अप्पांना दाखवतो.

सोसायटीत अजूनही दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, अप्पांसारखी माणसं कागदाला धरून माणूस बुडवतात. दुसरा म्हणतो, माईंसारख्यांच्या भलेपणाला काही धरबंधच नाही. दोघेही अर्धंच बघतात. माईंचं खोटं चालतं, कारण ते अप्पांच्या घरातून येतं. त्या घरातला शब्द खरा, ही चाळीस वर्षांची पत अप्पांनी जमवली आणि तिच्यावर माई उचल घेतात. सगळीच घरं माईंची असती तर त्यांच्या निरोपावर कुत्र्यानेही विश्वास ठेवला नसता. आणि अप्पांना इतकं खरं बोलणं परवडतं, कारण त्या खऱ्याने जे मोडतं ते माई मागून सांधत येतात. सगळीच घरं अप्पांची असती तर आमच्या इमारतीत एकही बारसं शांतपणे पार पडलं नसतं. अप्पांना माईंची गरज आहे हे सगळ्यांना दिसतं, माईंना अप्पांची आहे हे मात्र फक्त माईंना ठाऊक आहे. म्हणूनच बहुधा त्यांनी अप्पांना बदलायचा प्रयत्न कधी केला नाही.

तुमच्या इमारतीतही हे जोडपं असेल, बघा. अप्पांना खजिनदार करा, बिनविरोध करा आणि दर वर्षी करा. घरात भांडण झालं, पोरगं रुसलं, कोणाला रात्री दवाखान्यात न्यायचं असलं, तर माईंना हाक मारा. फक्त अदलाबदल करू नका. माईंच्या हातात सोसायटीचं चेकबुक गेलं तर सगळ्यांचं भलं होईल आणि शिल्लक काही उरणार नाही. आणि स्थळाच्या चौकशीचा फोन अप्पांनी उचलला, तर तो त्यांच्या हातातून काढून घेऊ नका. मुलीच्या बापाचा तेवढा हक्क आहे.